बारामती ते इंदापूर : एका बागेच्या शोधात

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराला लागून सहा-सात गुंठ्यांची एक मोकळी जागा आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गाजरगवत माजते, उन्हाळ्यात मुले क्रिकेट खेळतात आणि १४ एप्रिलला तिथेच मंडप पडतो. गेल्या वर्षी वर्षावासाची समाप्ती झाली, जेवणे उरकली आणि बसल्या बसल्या विषय निघाला, की या जागेत बाग करावी. नुसती डोळ्यांनी बघायची बाग नव्हे. हाताने चाचपता यावी, नाकाने ओळखता यावी, कानाने ऐकता यावी, अशी बाग.

विषय काढला तो आमच्यातल्या एका शिक्षक बंधूंनी. नागपूरला पारडी भागात 'अनुभूती' नावाचे एक उद्यान होणार असल्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली होती. जागा ९० हजार चौरस फूट, खर्च सुमारे १२ कोटी रुपये. धडधाकट माणसे आणि अपंग माणसे दोघांनीही एकत्र यावे असे ते उद्यान, आणि त्यात स्पर्शाची व सुगंधाची बागही ठरलेली. दीक्षाभूमीच्या शहरात असे काही योजले जाते याचे सर्वांना कौतुक वाटले. आमच्याकडे बारा कोटी नाहीत. बारा हजार जमवायचे म्हटले तरी घरोघर हिंडावे लागेल. पण झाडे लावायला आणि रस्ता नीट करायला कोटी कशाला लागतात, असेही सर्वांना वाटले.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या मावशी बोलल्या. लहानपणी देवीच्या रोगात त्यांचे दोन्ही डोळे गेले. त्या म्हणाल्या, "बाग करा, चांगलंच हाय. पण मला तिथं न्यायला कुणाचा तरी हात लागंल का न्हाय? मग ती बाग माझी कशी वं?"

या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. म्हणून कागदावर नकाशा काढण्याच्या आधी आम्ही ठरवले, की ज्यांच्यासाठी बाग करायची त्यांनाच सोबत घेऊन एक दिवस हिंडून यायचे. बारामतीहून इंदापूर, तिथून भिगवण आणि परत बारामती, असा त्रिकोण ठरला. एस.टी.त चाकाची खुर्ची चढणे कठीण, म्हणून ओळखीच्या एकाची जीप भाड्याने घेतली. मावशी होत्याच. दुसरा आमचा गवंडीकाम करणारा भाऊ. परांचीवरून पडून त्याच्या कंबरेखालची ताकद गेली, तेव्हापासून तो खुर्चीवर आहे. तिसरी एक नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई. मुलगी स्वमग्न आहे, बोलत नाही, गोंगाट झाला की कान दाबून धरते. बाकी आम्ही विहारातली चार माणसे. खुर्ची घडी करून टपावर बांधली आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी निघालो.

नाकाने पाहिलेला रस्ता

बारामती शहरातून निघताना आमराईचा विषय निघाला. आमराई ही तिथली आपल्या माणसांची जुनी वस्ती. राजगृहाच्या जीवक वैद्याने आपली आमराई तथागतांना आणि संघाला दिली होती. वैशालीच्या आम्रपालीनेही आपले आम्रवन दिले होते. बुद्धांच्या काळी बाग दान देणे म्हणजे माणसांना एकत्र बसायला, ऐकायला, चालायला जागा देणे होते. आपल्या वस्तीला आमराई हे नाव आहे, पण आपल्या वस्त्यांत बाग किती ठिकाणी आहे, याचा विचार करीतच आम्ही कऱ्हेचे गाव मागे टाकले.

इंदापूरचा रस्ता काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असा जातो. आषाढात देहूची पालखी याच रस्त्याने जाते. एका अंगाला नीरा डावा कालवा सोबत करतो. १८८५ साली या कालव्याला पाणी आले आणि हा मुलूख उसाचा झाला. ज्यांच्या रानाला कालवा लागला त्यांचे दिवस पालटले. ज्यांना रानच नव्हते ते त्या उसात मजुरीला गेले. आपल्यातली बहुतेक घरे या दुसऱ्या बाजूची.

आम्ही खिडकीतून बघत होतो, पण रस्ता खरा सांगितला तो मावशींनी. "कुठंतरी कढई चढलीया," त्या म्हणाल्या, आणि पुढच्याच वळणावर गुऱ्हाळाचा धूर दिसला. भवानीनगर यायच्या आधीच त्यांनी मळीचा वास ओळखला. तिथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. हंगाम जोरात होता, उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मावशींनी बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून विचारले, "कोप्या पडल्यात का हिथं?" होय, ऊसतोडीच्या कामगारांच्या कोप्या होत्याच. चुलींचा धूर, ओल्या चिपाडाचा आंबूस वास, पाचट जळल्याचा वास, मध्येच कालव्याचा गारवा. आम्ही इतकी वर्षे या रस्त्याने ये-जा करतो, पण हा रस्ता नाकाने आणि कानाने पाहता येतो हे त्या दिवशी कळले.

निमगाव केतकीचा परिसर विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी ओळखला जातो. एका मळ्यापाशी थांबलो. शेतकऱ्याने आनंदाने आत येऊ दिले. मावशी वेलाला हात लावीत पुढे गेल्या. कोवळे पान आणि जून पान त्यांनी बोटांनी वेगळे केले. आत सावली दाट, हवा गार. मुलीने कानावरचे हात पहिल्यांदा तिथे काढले आणि ती जमिनीवर बसून राहिली. पण मळ्याची वाट म्हणजे वीतभर रुंदीचा बांध. आमचा गवंडी भाऊ रस्त्यावर जीपपाशीच राहिला. आम्ही त्याला पाने आणून दिली. त्याने वास घेतला आणि काही बोलला नाही. मळा शेतीसाठी केलेला असतो, खुर्चीसाठी नव्हे. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण लोकांसाठी म्हणून केलेल्या बागेचे तसे म्हणता येत नाही.

फाटक

वाटेतल्या एका गावी सार्वजनिक बाग होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण असे फाटक कुठल्याही गावी सापडेल. बागेवर 'सर्वांना खुली' अशी पाटी होती. मोटारसायकली आणि जनावरे आत शिरू नयेत म्हणून फाटकाच्या जागी लोखंडी पाइपांचे नागमोडी वळण केले होते. त्यातून शेळी जात नव्हती आणि चाकाची खुर्चीही जात नव्हती. बाजूचे मोठे दार होते, त्याला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेला होता.

तिथल्या एका सज्जन गृहस्थाने सांगितले, "उचलून घ्या की आत. चौघं जण आहात." माणूस चांगला होता, स्वतः हात लावायलाही पुढे आला. पण गवंडी भाऊ म्हणाला, "नको. मला उचलू नका. मी काय पोतं हाय का?"

आम्ही सगळे बाहेर थांबलो. मावशींना आत जाता आले असते, पण त्यासुद्धा थांबल्या. अर्ध्या तासाने किल्ली आली. आत गेल्यावर कारंज्याभोवती दोन पायऱ्या होत्या, बाकांना पाठ नव्हती, आणि प्यायच्या पाण्याचा नळ उंच ओट्यावर होता. खुर्चीवर बसून त्या नळापर्यंत हात पोहोचत नव्हता. आमच्यातल्या एकाने पेला भरून दिला. भावाने पाणी प्यायले. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता.

नळ आणि शिपाई

वाचकहो, तो नळ पाहून आम्हाला जे आठवले ते तुम्हालाही आठवले असेल. बाबासाहेब शाळेत असताना त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचे. शिपाई नसला तर तहान तशीच. शाळा त्यांना बंद नव्हती, नळही तिथेच होता. फक्त दुसऱ्याच्या मर्जीशिवाय त्याचे पाणी मिळत नव्हते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा ते तळे खरोखर खुले होण्याची लढाई सुरू झाली. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. 'खुले आहे' असे लिहिणे आणि माणसाने स्वतःच्या पायांनी जाऊन स्वतःच्या हाताने पाणी घेणे, यात चौदा वर्षांचे अंतर पडले.

अस्पृश्यता आणि बागेची पायरी या दोन्ही गोष्टी एक आहेत असे आम्ही म्हणत नाही. महाडला मारहाण झाली ती माणुसकीच नाकारणाऱ्यांनी केली. पायरी बांधणाऱ्या गवंड्याच्या मनात द्वेष नसतो, त्याला फक्त सुचलेले नसते. परंतु बाहेर राहिलेल्या माणसाला शेवटी दुसऱ्याच्या मर्जीवरच थांबावे लागते. कोणीतरी किल्ली आणेल, कोणीतरी उचलेल, कोणीतरी पेला भरून देईल. दया करणारा असेल तोवर ठीक. ज्या समाजाने दयेचे पाणी नाकारून हक्काचे पाणी घेतले, त्या समाजाने बांधलेल्या बागेत तरी कोणाला दयेवर आत यावे लागू नये, एवढेच आमचे म्हणणे.

उजनीच्या काठी

इंदापूर हे मालोजीराजांच्या जहागिरीचे गाव. बाजारपेठेतून जाताना भोंग्यांच्या आवाजाने मुलगी कळवळली, म्हणून तिथे फार थांबलो नाही. सोलापूर-पुणे हमरस्त्याने पळसदेववरून भिगवणकडे आलो. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याखाली या तालुक्यातली कितीतरी गावे गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की अजून वर दिसते. त्याच पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस येतात, आणि ते पाहायला भिगवण, कुंभारगावला लांबून माणसे येतात.

आम्ही काठावरच्या उंच, टणक जागी बसलो. खाली उतरायचे तर चिखल होता, त्यात चाके रुतली असती. पण आवाज वरपर्यंत येत होता. मावशींनी विचारले, "किती असतील वं पाखरं?" आमच्यातला कोणी शंभर म्हणाला, कोणी दोनशे. मावशी म्हणाल्या, "दोन तऱ्हेची बोलत्यात. एक बदकावानी, आन् एक लांबून घसा खरवडल्यासारखी." दूर खरोखर दोन वेगवेगळे थवे होते. मुलगी ओल्या मातीत हात घालून बसली होती. तिची आई मात्र एकसारखी तिच्या पदराशी. "पाणी दिसलं की ही पळत सुटते," ती म्हणाली. "बागेला एकच दार ठेवा, अन् कुंपण ठेवा. नाहीतर मला तिथं बसायला यायचं नाही."

तिघांच्या गरजा तीन

तिथे भाकरी खाता खाता खरी चर्चा झाली. आमचा समज असा होता, की अपंगांसाठी बाग म्हटली की सर्वांना एकच गोष्ट लागते. तसे नाही. मावशींना रस्त्याच्या कडेला उंचवटा हवा, म्हणजे काठीला कड लागते. गवंडी भावाला उंचवटा नको, चाक अडते. मावशींना जागोजागी वास हवा, म्हणजे आपण कुठे आहोत ते समजते. मुलीला सगळीकडून वास आला तर त्रास होतो. तिच्या आईला बंद फाटक हवे, भावाला उघडे.

यातून मार्ग निघतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना चार बोटे उंच काठ ठेवायचा आणि जिथून वळायचे, बसायचे तिथे तो जमिनीबरोबर आणायचा. काठीलाही कळते आणि चाकही जाते. फाटक साडेतीन फूट रुंद, हलके, आपोआप मिटणारे, आणि खिटी खुर्चीवरच्या माणसाच्या हाताला येईल अशी. सुगंधी झाडे एकाच जागी कोंबायची नाहीत. वळणावर एक, बाकापाशी एक, मधली जागा मोकळी. आणि एका कोपऱ्यात वास नाही, गाणे नाही, लाऊडस्पीकर नाही, अशी शांत जागा. आमच्या उत्साही तरुणांनी सकाळ-संध्याकाळ भीमगीते लावायचे ठरवले होते. त्यांनी हे ऐकून घेतले आणि मान्य केले, याचा आनंद वाटतो.

आपल्यातलेच गवंडी, आपल्यातलेच माळी

उताराचे गणित भावाने समजावले. एक फूट चढायचे असेल तर बारा फूट लांबीचा उतार हवा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. सरकारी नियमांतही हेच प्रमाण आहे. यापेक्षा उभा उतार म्हणजे नुसता देखावा; त्यावरून खुर्ची ढकलावी लागते किंवा ती उलटते. उताराची रुंदी किमान चार फूट, दोन्ही अंगांना कठडा. कठड्याला दोन दांड्या, एक अडीच फुटांवर आणि एक तीन फुटांवर, म्हणजे मुलांनाही धरता येते. वर आणि खाली पाच फूट सपाट जागा, कारण खुर्ची वळवायला तेवढे लागते.

रस्ता मुरमाचा केला तर आपल्या काळ्या मातीत पहिल्या पावसातच चिखल होतो. गुळगुळीत कोबा ओला झाला की म्हातारी माणसे घसरतात. म्हणून खाली मुरूम चोपून वर काँक्रीट घालायचे आणि ते ओले असतानाच खराट्याने रेघा ओढून खरबरीत करायचे. हे काम आपल्या घरोघरच्या गवंड्यांना सांगायला नको. दुसऱ्यांचे बंगले, शाळा, दवाखाने बांधण्यात आपल्या पिढ्या गेल्या.

दृष्टिहीनांसाठी फरशांची एक युक्ती जपानमधून जगभर गेली. सेईची मियाके नावाच्या गृहस्थांच्या मित्राची दृष्टी जात होती. त्याच्यासाठी त्यांनी उठावाच्या फरशा शोधल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे वळण आहे. आपल्याकडे रेल्वे स्टेशनांवर त्या पिवळ्या फरशा पाहायला मिळतात. योगायोग असा, की पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग याच ओकायामाच्या मैत्रीतून, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर झाली आहे. पिवळा रंगही उगाच नसतो. ज्यांना अंधुक दिसते त्यांना तो लवकर दिसतो. फरशी घ्यायला पैसे कमी पडले तर फक्त वळणावर आणि फाटकापाशी बसवाव्यात.

झाडांसाठी वाफे जमिनीवर नकोत. खुर्चीवर बसून किंवा वाकता न येणाऱ्या आजीला उभ्याने हात लावता यावा म्हणून वाफा दोन-सव्वादोन फूट उंच हवा. एका बाजूने हात दोन फुटांपर्यंतच पोहोचतो, म्हणून रुंदी त्याहून जास्त नको. दोन्ही बाजूंनी रस्ता असेल तर चार फूट चालते. एक-दोन वाफे लोखंडी घोडीवर टेबलासारखे ठेवावेत, म्हणजे खुर्चीवरच्या माणसाचे गुडघे खाली जातात. नाल्याच्या सिमेंट पाइपांचे फुटके तुकडेही चालतील. एम.आय.डी.सी.तून येणारे औषधी-रसायनांचे पिंप मात्र स्वस्त मिळाले तरी वापरू नयेत.

झाडांची यादी मावशींनी सांगितली आणि आम्ही लिहून घेतली. फाटकापाशी गवती चहा, पहिल्या वळणाला मरवा, नळापाशी पुदिना, बाकापाशी मोगरा, परतीच्या वाटेला कढीपत्ता. म्हणजे वासावरूनच कळेल की आपण कुठवर आलो. हाताला लागायला कोरफड, पानओवा आणि लाजाळू. लाजाळूला बारीक काटे असतात हे मुलांना आधी सांगावे. कानासाठी बांबूचे बेट आणि एक शिरीष; त्याच्या वाळल्या शेंगा वाऱ्याने वाजतात. कण्हेर, धोतरा, घाणेरी यांना थारा नको, कारण इथे मुले झाडाला तोंड लावणार. बोगनवेल दिसते छान, पण चाचपत येणाऱ्या हाताला काटे टोचतात.

बोधिवृक्ष हवाच. मात्र पिंपळाची मुळे भिंती फोडतात, म्हणून तो विहाराच्या पायापासून लांब लावायचा. आणि त्याला उंच पार बांधायचा नाही. पार बांधला की म्हातारी माणसे आणि खुर्चीवाले खालीच राहतात. पिंपळाखाली जमिनीबरोबर सपाट जागा करायची, म्हणजे वंदनेला सगळे एकाच पातळीवर बसतील.

जेतवनातील चंक्रमण

धम्मपदाच्या पहिल्याच गाथेमागे ज्यांची कथा सांगितली जाते ते चक्खुपाल स्थविर अंध होते. जेतवनात रात्री ते चंक्रमण करीत, म्हणजे चालत ध्यान करीत होते. त्यांच्या पायाखाली किडे मेले आणि सकाळी इतर भिक्खूंनी तक्रार केली. तथागतांनी विचारले, की त्यांना मारताना तुम्ही पाहिले का? नाही ना? तसेच त्यांनीही किडे पाहिले नाहीत. त्यांच्या मनात मारण्याचा हेतू नव्हता. या कथेचा अर्थ भदंत आपल्याला नेहमी सांगतात. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. अनाथपिंडिकाने सोने अंथरून घेतलेल्या त्या बागेत एक अंध स्थविर रात्री स्वतःच्या पायांनी चालत होते, आणि तथागतांनी त्यांना चालणे बंद करा असे सांगितले नाही.

कोसंबीची खुज्जुत्तरा तर आपल्या भगिनींनी विसरू नये. पाठीला कुबड असलेली ही दासी राणी सामावतीसाठी रोज माळ्याकडून फुले आणायची. तिथेच तिने धम्म ऐकला, राजवाड्यातल्या सर्व स्त्रियांना तो शिकवला, आणि बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला पहिले स्थान दिले. शरीर वाकलेल्या माणसाला फुले आणण्याची वाट मोकळी होती, म्हणून धम्म त्या वाड्यात पोहोचला.

कायदा आणि ग्रामसभा

संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांचा भेद न करता सर्वांना खुल्या केल्या. त्या यादीत अपंगत्वाचा उल्लेख नाही. ती उणीव भरून काढायला १९९५ चा कायदा आला आणि त्याच्या जागी २०१६ चा. पहिल्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, दुसऱ्यात २१ झाले. आमच्या मुलीची स्वमग्नता दुसऱ्यात आली. विरंगुळ्याच्या सार्वजनिक जागाही अपंगांना वापरता आल्या पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. दृष्टिहीन असलेले राजीव रतुरी २००५ पासून सर्वोच्च न्यायालयात लढले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले, की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. म्हणजे इथेही कागदापासून फाटकापर्यंतचे अंतर चालूनच तोडावे लागते.

हा प्रश्न आपल्यासाठी दूरचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हेच प्रमाण २.४५ टक्के होते. परांचीवरून पडणे, यंत्रात हात जाणे, वेळेवर दवाखाना न मिळणे, हे कोणाच्या वाट्याला जास्त येते ते आपण जाणतो. आणि म्हातारपणी गुडघे व डोळे तर प्रत्येकाचेच जातात.

पैशांचे म्हणाल, तर महाराष्ट्रात ग्रामपंचायती, नगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. राज्याने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही केला. 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले, आता पायरीचा उतार झाला पाहिजे. ग्रामसभेला जाऊन, त्या निधीचे काय झाले हे विचारावे आणि अर्जाची पोच घ्यावी. वस्तीतल्या बागेची, विहाराची, समाजमंदिराची पायरी टेपने मोजावी. बारा पटीचा उतार बसतो का ते बघावे. बसत नसेल तर वळण देऊन बसवता येतो. आणि हे सर्व ठरवायच्या बैठकीला खुर्चीवरचा भाऊ आणि अंध मावशी आल्याच पाहिजेत. त्यांच्यासाठी म्हणून त्यांच्यावाचून ठरवू नये.

आमच्या बागेची आखणी आता झाली आहे. आखणीच्या दिवशी गवंडी भावाने खुर्चीवर बसून पाण्याची नळी धरली आणि फाटकापासूनचा उतार स्वतः लावून दिला. दोऱ्या बांधून चुना टाकल्यावर मावशींनी काठी घेऊन एकट्याने एक फेरी मारली. दोन ठिकाणी चुकल्या. "हिथं वळण लई अचानक हाय," त्या म्हणाल्या. आम्ही चुना पुसला आणि वळण लांबवले. नळ अडीच फुटांवर बसवायचे ठरले आहे. येत्या पावसात मरवा आणि मोगरा लागेल. बाकी झाडांसाठी ज्यांच्या परसात रोप असेल त्यांनी आणून द्यावे.

जय भीम.